विचारा खलाशाला : जायफळाची बेटं आणि छोटं जहाज

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की आम्ही दोघं इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांमधून छोट्या जहाजाने अकरा रात्री फिरून आलो. अंबोनहून निघून बांदा बेटं, मग राजा अम्पात या द्वीपसमूहातली मिसूल आणि इतर बेटं आणि शेवटी सोरोंग. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच द्यावं, असं संपादकांनी सांगितलं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो : मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, शेवटची नऊ वर्षं चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा. आता आंजर्ल्याला सुपारीची वाडी सांभाळतो. पैसे मोजून जहाजावर चढण्याची ही पहिलीच खेप. आमची ही माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायची. सहल तिच्या हट्टाची, पैसे मुलाचे आणि टीका माझी.

आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलगी अशीच सहल भेट देते आहे. आम्ही एकदा मुंबई-गोवा क्रूझ केली होती, ती आवडली. या जहाजाचं भाडं तिच्या कितीतरी पट आहे आणि पत्रकात ना कॅसिनो ना थिएटर. मग एवढे पैसे कशाचे? मी ६८ वर्षांचा, पत्नी ६४. आम्हाला झेपेल का? — निवृत्त बँक अधिकारी, सांगली

मला आलेल्या पत्रकांत रात्रीला माणशी पाऊण लाखापासून सव्वा लाखापर्यंत आकडे होते. तेवढ्यात आमच्या गावात एक बरी गाय येते, हे मी घरी बोलून दाखवलं. उत्तर मिळालं नाही.

पैसे कशाचे ते सांगतो. मोठ्या क्रूझवर दोन-तीन हजारांपासून पाच हजारांहूनही अधिक प्रवासी असतात. ती एक तरंगती वसाहतच. तिला धक्का लागतो, खोल पाणी लागतं, उतरलेल्या माणसांसाठी शंभर बस लागतात. आमच्या जहाजावर ९६ प्रवासी होते आणि कर्मचारी जवळजवळ तितकेच. मी ज्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल भरणाऱ्या जहाजावर होतो ती भरल्यावर अठरा मीटर पाण्यात बुडायची. या जहाजाचा ड्राफ्ट साडेचार मीटर. त्यामुळे बेटांमधल्या ज्या खाडीत मोठं जहाज नाकही घालणार नाही, तिथे हे नांगर टाकून उभं राहतं आणि कडेच्या रबरी होड्या पाण्यात सोडतं. त्यांना सगळे झोडिॲक म्हणतात. एका होडीत दहाजण. सकाळी एकदा, दुपारी एकदा तुम्ही उतरता. जिथे उतरता तिथे धक्का नसतो, दुकान नसतं, कधी माणूसही नसतो. पैसे त्या होड्यांचे आहेत, त्या चालवणाऱ्यांचे आणि सोबतच्या अभ्यासकांचे आहेत. कोणी प्रवाळाचा, कोणी पक्ष्यांचा, एखादा इतिहासाचा. संगमरवरी न्हाणीघर आणि उशीवरचं चॉकलेट वर फुकट मिळतं असं समजा. ‘लक्झरी’ शब्दाला भुलून न्हाणीघराच्या फोटोवरून जहाज निवडू नका. होड्या किती आहेत, एका अभ्यासकामागे किती प्रवासी, आणि सगळे प्रवासी एकाच वेळी उतरू शकतात की दोन पाळ्यांत, हे विचारा. पाळ्या असतील तर निम्मी सकाळ डेकवर वाट बघण्यात जाते.

झेपेल का? वय विचारू नका, गुडघा विचारा. जहाजाच्या शिडीवरून हलत्या होडीत पाय टाकता आला पाहिजे, बस्स. होडीतला खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा द्यायचा नाही. त्याने तुमचं मनगट धरायचं, तुम्ही त्याचं. पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. ‘ड्राय लँडिंग’ असेल तर दगडावर किंवा जेटीवर पाऊल पडतं. ‘वेट लँडिंग’ म्हणजे काठावर बसून सरकत सरकत होडीच्या नाकाशी जायचं आणि पाय बाहेर टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं. आमच्यासोबत ८१ वर्षांच्या एक ऑस्ट्रेलियन बाई होत्या, त्या हे माझ्यापेक्षा चांगलं करत. मी सवयीने उभ्यानेच उडी मारायला गेलो आणि सगळ्यांदेखत बसकण मारली. एकतीस वर्षांची सर्व्हिस पाण्यात.

सांगलीत करायची परीक्षा सोपी आहे. कठडा न धरता तीन मजले चढून उतरा. दुसऱ्या दिवशी गुडघा बोलला नाही तर तिकीट काढा. राजा अम्पातमधल्या पियाइनेमोच्या टेकडीला तीनशेवर लाकडी पायऱ्या आहेत. वरून निळ्या पाण्यात विखुरलेल्या चुनखडीच्या हिरव्या डोंगऱ्या दिसतात. नाही चढलात तर होडी तुम्हाला त्याच डोंगऱ्यांमधून खालून फिरवून आणते. मला खालूनच जास्त आवडलं.

आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. जहाजावर काय खाणार? पापड-लोणची, मेतकूट न्यावं का? — गृहिणी, नाशिक

जहाजावर काही अडत नाही, पण बुकिंग करतानाच लेखी कळवा. अंबोन सुटलं की पुढे बाजार नाही. जे चढवलं त्यावरच भटारखाना चालतो, आयत्या वेळी पनीर समुद्रातून येत नाही. आमच्या जहाजाचा एक स्वयंपाकी गोव्याचा निघाला. चौथ्या रात्री त्याने हिला गुपचूप वरण-भात दिला आणि त्यानंतर ती जेवणाच्या यादीकडे बघेनाशी झाली.

सांभाळायचं ते किनाऱ्यावर. इंडोनेशियात ‘भाजी’ म्हणून जे येतं त्यात बहुधा तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीची चटणी. सांबालमध्ये ती असते, कांगकुंगच्या पालेभाजीत असते, गाडो-गाडोच्या शेंगदाण्याच्या रश्श्यातही असू शकते. बघून कळत नाही. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. टेम्पे आणि ताहू मात्र निर्धास्त खा. टेम्पे आंबवलेल्या सोयाबीनचा, ताहू म्हणजे टोफू. बांदामध्ये वांग्याला केनारीच्या दाण्यांचं वाटण लावतात. केनारी हा तिथला बदामासारखा दाणा. आपल्या भरल्या वांग्याचा चुलतभाऊच म्हणा. मेतकूट न्याच. जहाजावर लागणार नाही, पण जाकार्ताच्या विमानतळावर रात्री दोन वाजता लागेल.

मला एस. टी. लागते. समुद्र लागणार नाही कशावरून? कोणत्या महिन्यात जावं? — शिक्षिका, सातारा

कशावरूनच नाही. मला स्वतःला पहिल्या तीन फेऱ्यांत लागला होता.

महिना मात्र तुमच्या हातात आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. अंबोनपासून बांदा साधारण दोनशे किलोमीटर आहे, जहाज ते रात्रीत कापतं. बांदा समुद्र उथळ नाही. त्याच्या एका टोकाला सात हजार मीटरपेक्षा खोल घळ आहे. जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून वारा लागतो आणि लाटा उभ्या राहतात. डिसेंबर ते फेब्रुवारी वायव्येकडचा पाऊस. दोन वाऱ्यांच्या मधल्या फटीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी निवतं. आम्ही नोव्हेंबरात गेलो, रात्री टेबलावरचा पेला सरकला नाही. सातारकरांसाठी : हे गणित आपल्याहून वेगळं आहे, आपला मे महिना बघून जाऊ नका.

खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. बाल्कनीवाली वरची खोली महाग असते आणि हलतेही तीच. झोका बघा, दोरीच्या टोकाशी किती फिरतो आणि कडीजवळ किती. जहाजाला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते बहुतेक चालत्या जहाजावरच उपयोगी. नांगरावर उभं असताना हलायचं ते हलणारच. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यायची असते. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याच भेटीत हिवतापाचंही विचारा. सोरोंग आणि राजा अम्पात हा पापुआचा भाग आहे, तिथे मलेरिया आहे. आणि आलेपाक न्या, मी न्यायचो.

तुम्ही बांदा बांदा म्हणता. नकाशावर शोधलं तर ठिपकाही सापडेना. तिथे नेमकं आहे काय? — महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

बरं झालं विचारलंस. उत्तर अर्धं माझं, अर्धं हिचं.

माझं अर्धं असं. पहाटे पाचला डेकवर गेलो. समोर गुनुंग आपी, पाण्यातून थेट वर आलेला सहाशे मीटरहून उंच ज्वालामुखी. डाव्या हाताला नैरा, उजव्या हाताला मोठं बांदा आणि मध्ये तळ्यासारखं स्थिर बंदर. असं नैसर्गिक बंदर मी फार पाहिलेलं नाही. गुनुंग आपी १९८८ साली फुटला, लाव्हा समुद्रात उतरला आणि खालचं प्रवाळ मेलं. त्याच थिजलेल्या लाव्हावर प्रवाळ इतक्या झपाट्याने परत आलं की अभ्यासकही चकित झाले. मी तोंडाला काच लावून पालथा तरंगत बघितलं. टेबलाएवढी पसरलेली प्रवाळं, एकावर एक. आयुष्यभर समुद्रावर राहिलो, समुद्राच्या आत पहिल्यांदा बघितलं. आमच्या काळी पाण्यात पडणं म्हणजे अपघात.

मग मोठ्या बांदावर जायफळाच्या वाडीत गेलो. खाली जायफळ आणि वर सावलीला केनारीचे जुने प्रचंड वृक्ष. आमच्या वाडीत जायफळ सुपारीच्या आणि नारळाच्या सावलीत वाढतं, तिथे केनारीच्या. एक म्हातारा लांब बांबूने फळं काढत होता. बांबूच्या टोकाला वेताची छोटी टोपली आणि आकडा. ही ओरडली, “अहो, हा तर आपला झेला!” दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे काढायला नूतन झेला काढला, तो आमच्या घरी आहे. म्हातारा हसला, त्याने एक फळ फोडून दिलं. आत लालभडक जायपत्री, ओली, नुकती लाखेत बुडवल्यासारखी. सुकल्यावर ती मळकट पिवळी होते, आपण डब्यात बघतो ती तशी. मी त्याला खुणांनी विचारलं, तुमच्याकडेही नर-मादी झाडं वेगळी? त्याने कपाळाला हात लावला. जायफळाच्या रोपाला सहा-सात वर्षं पोसावं आणि मग कळावं की झाड नर आहे, फळ धरणारच नाही. हे दुःख बांदात आणि दापोलीत सारखंच. आता आपल्याकडे ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ यांची कलमं मिळतात, म्हणून वाचलो.

आता हिचं अर्धं. तिने सांगितलेलं लिहितो, चुकलं तर पत्र तिला पाठवा.

अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ या मूठभर बेटांतून जायचं. बांदाचे लोक ते देऊन तांदूळ आणि कापड घ्यायचे, त्यात हिंदुस्थानचं कापड पुष्कळ. गावाचे मानकरी होते, त्यांना ओरांग काया म्हणत. राजा नव्हता. डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मक्ता हवा होता. १६११ साली त्यांनी नैरावर बेल्जिका किल्ला बांधला. पंचकोनी आहे, अजून उभा आहे, आम्ही चढलो. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन आला. ८ मे रोजी ४४ ओरांग कायांना पकडून भाडोत्री जपानी सैनिकांकडून त्यांची मुंडकी उडवली. बेटांवर साधारण पंधरा हजार माणसं होती असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मारून, उपासमारीने, गुलाम म्हणून नेऊन जेमतेम हजारभर उरली. मग वाड्या पाडून डच मक्तेदारांना वाटल्या आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. नैराला एका विहिरीपाशी त्या मानकऱ्यांचं स्मारक आहे. ही तिथे बराच वेळ उभी होती. आमच्यातल्या एका प्रवाशाने विचारलं, फोटो काढू का? ती नाही म्हणाली.

आणि रे बाबा, हीच ती कंपनी जिची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्याला होती. तिच्या भिंती अजून आहेत. हिने तिथे मुलांच्या सहली नेल्या होत्या. मुलं वडापाव कुठे मिळतो ते विचारायची.

डच जायफळ परदेशी पाठवण्याआधी चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, कुणी ते पेरून उगवू नये म्हणून. फार काळ टिकलं नाही ते. नेपोलियनच्या धामधुमीत इंग्रजांनी बेटं घेतली, रोपं पिनांगला आणि श्रीलंकेला नेली, पुढे ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडापर्यंत पोचली. मक्ता संपला, बेटं विस्मरणात गेली. इतकी की १९३६ मध्ये डचांनी मोहम्मद हट्टा आणि सुतान शाह्रीर या स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यांना हद्दपारीसाठी इथेच आणून ठेवलं. दोघांची घरं बघायला मिळतात. हट्टांनी तिथे मुलांना शिकवलं, बाकं दाखवतात. पुढे हट्टा इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि शाह्रीर पहिले पंतप्रधान. याच शाह्रीरना जुलै १९४७ मध्ये डचांचा वेढा चुकवून जावाहून दिल्लीला विमानाने आणलं ते पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झालेल्या आपल्या बिजू पटनाईकांनी. हे मला माहीत नव्हतं. जहाजावरच्या डच पाहुण्यालाही नव्हतं, त्यामुळे बरं वाटलं.

मागच्या वर्षी आम्ही अशाच जहाजाने गेलो. पत्रकात लिहिलेल्या तीन बेटांवर उतरवलंच नाही, ‘हवामान’ म्हणून मोकळे झाले. ऊन तर लख्ख पडलं होतं. पैसे परत मागावेत का? — व्यावसायिक, ठाणे

मागा, पण मिळणार नाहीत. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मार्ग कप्तान ठरवेल. आणि ते बरोबर आहे.

तुमचा राग मी समजू शकतो, कारण आमचंही एक बेट गेलं. रुण. हे नाव नीट वाचा. तीन किलोमीटर लांब, एक किलोमीटरही रुंद नाही, बांदामधलं सगळ्यात पश्चिमेचं. इथे १६१६ मध्ये इंग्रज येऊन बसले होते आणि डचांना दाद देत नव्हते. मागाहून डचांनी ते घेतलं. तिकडे अमेरिकेत इंग्रजांनी १६६४ मध्ये डचांचं न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यू यॉर्क, घेतलं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं, ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं. रुण डचांकडे राहिलं, मॅनहॅटन इंग्रजांकडे. “जायफळाच्या बेटावर न्यू यॉर्क फुकट” असं लोक म्हणतात, पण बाजारातल्यासारखी अदलाबदल ती नव्हती. ही दरवर्षी नववीच्या वर्गात सांगायची, की महाराज आग्र्याहून सुटून आले त्याच्या पुढच्या वर्षी तिकडे हे चाललं होतं. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बेटावर एकदा पाय ठेवायचा, एवढ्यासाठी ही सगळी सहल.

सकाळी आठला रुणसमोर पोचलो. तुम्ही म्हणता तसं लख्ख ऊन. वारा नाही. पण दूर कुठेतरी उठलेली लांब लाट कड्यावर येऊन मोडत होती. आकाश कोरं असलं तरी लाट येते, ती कालच्या आणि परवाच्या वाऱ्याची असते. रुणला सोयीचं बंदर नाही. प्रवाळाच्या कड्यावरून, भरतीच्या पाण्यात, होडी आत घालायची. कप्तानाने दोन होड्या रिकाम्या पाठवल्या. मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत होतो, परवानगीने. पहिल्या होडीचं नाक तीनदा उचललेलं पाहिलं आणि मला कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याला माझं मत नको होतं, मीच आपली हलवली.

बोटीवर सगळे कुरकुरले. आमच्या कंपनीने त्या दिवशी एक चूक केली, ती मात्र माफ करत नाही. दुपारी रुणऐवजी ‘बीच बार्बेक्यू’ ठेवला आणि उद्घोषणेत म्हणाले, “त्याहून छान!” मॅनहॅटनच्या बदल्यात भाजलेलं मक्याचं कणीस. सरळ सांगायचं ना, जमलं नाही, वाईट वाटतं. ही जेवायला खाली गेली नाही. तीनशे मीटरवरून रुण दिसत होतं. मशिदीचा घुमट, पत्र्याची घरं, आणि धावत किनाऱ्यावर आलेली पोरं हात हलवत होती. तीही हलवत राहिली.

मी तिला म्हणालो, मी कप्तान असतो तर हेच केलं असतं. ती म्हणाली, “माहीत आहे. म्हणून तर तुमच्याशी बोलत नाहीये.”

ठाणेकर, कप्तानाचा पाण्याचा अंदाज चुकला तर काय होतं, त्याचंही उदाहरण त्याच समुद्रात आहे. मार्च २०१७ मध्ये राजा अम्पातमध्ये क्री बेटाजवळ एक छोटं क्रूझ जहाज ओहोटीच्या पाण्यात प्रवाळावर चढलं. माणसं सुखरूप, पण शेकडो वर्षांत वाढलेलं प्रवाळ ओरबाडलं गेलं. जगात ओळखल्या गेलेल्या कठीण प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश या टापूत सापडतात. तिथे भरतीचं कोष्टक न बघता जहाज घालणं म्हणजे काय, हे खलाशाला शब्दांत सांगता येत नाही. म्हणून बुकिंगच्या वेळी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या मार्गावर कप्तान आणि मोहीमप्रमुख आधी किती वेळा आले आहेत? आमच्या कप्तानाची ही नववी खेप होती. रुणवर तो नऊपैकी चारदाच उतरवू शकला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. कंपनीने आधी सांगायला हवं होतं.

मी ५९ वर्षांची, एकटी प्रवास करते. एकटीला भाडं जवळजवळ दुप्पट सांगतात. शिवाय वरखर्च किती? — सनदी लेखापाल, पुणे

दोघांच्या खोलीत एकटं राहिलं की ‘सिंगल सप्लिमेंट’ लावतात. हंगामाच्या कडेच्या तारखांना ते कमी करतात किंवा माफ करतात, तेव्हा विचारा. अनोळखी बाईसोबत खोली वाटून घ्यायचाही पर्याय काही कंपन्या देतात. घोरण्याचा धोका पत्करा.

तुम्ही लेखापाल आहात म्हणून थोडक्यात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर, कापतात. दर बजेटमध्ये बदलतो, भरताना बघा, आणि रिटर्नमध्ये जमा धरा. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियात उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया. घाबरू नका, ते रुपिया आहेत. अंबोनला जाणारं देशांतर्गत विमान साधारण वीस किलोच सामान घेतं, त्यामुळे जहाजावरच्या पार्ट्यांसाठी साड्यांची बॅग भरू नका. एक दिवस आधी पोचा. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढच्या बेटाला विमान नाही. विमा घ्याल तो समुद्रातून हलवून इस्पितळात नेण्याचा खर्च देणारा घ्या. सगळ्यात जवळचं मोठं इस्पितळ रात्रभराच्या अंतरावर असतं. बक्षिशी भाड्यात धरली आहे का, ते लेखी घ्या. शेवटच्या रात्री लिफाफा पुढे आला की मराठी माणूस गडबडतो.

एवढे पैसे नाहीत. तीच बेटं स्वस्तात बघता येतील का? — एक तरुण, चिपळूण

हो. अंबोनहून बांदा नैराला पेल्नी या सरकारी कंपनीची प्रवासी जहाजं जातात. रोज नाहीत, वेळापत्रकाची वाट बघावी लागते, आणि डेकवर सगळं गाव असतं, कोंबड्यांसकट. नैराला घरगुती राहण्याची सोय आहे. रुणला मचव्यासारख्या होड्या जातात, लाट असली तर त्याही जात नाहीत. तुला महिना मोकळा असेल तर आमच्यापेक्षा तूच जास्त बघशील. राजा अम्पातमध्ये गावकऱ्यांनी पाण्यावर बांधलेल्या झोपड्यांतही राहता येतं.

दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे फिनिसी, दक्षिण सुलावेसीत बांधलेली लाकडी गलबतं. तिथे किनाऱ्यावर सुतार पिढ्यान्‌पिढ्या बांधतात, २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कलेची नोंद घेतली. काही फिनिसी महालासारख्या आहेत, काही नुसत्या रंगवलेल्या. चढण्याआधी लाइफ जॅकेटं मोज, आग विझवायची बाटली बघ, रात्री पहाऱ्यावर कोण असतं ते विचार. मालक हसला तर परत फीर.

तिथून काय आणावं? जायफळाचं रोप आणलं तर कोकणात लागेल का? — बागायतदार, गुहागर

लागेल, पण आणू नका. रोप, ताजं बी, माती, काही नाही. वनस्पतींना क्वारंटाइनचा परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा. एक अनोळखी बुरशी आपल्या सगळ्या वाड्या बसवील. रोप दापोलीतून घ्या, कलमच घ्या.

तिथे जायफळाच्या फळाचा गर साखरेत मुरवून सुकवतात. मानिसान पाला म्हणतात, पाला म्हणजे जायफळ. चव आवळकाठीच्या जवळची, मागून जायफळाचा झणका. आपण त्याच सालीचं लोणचं घालतो, बांदात कुणाला ते माहीत नव्हतं. हिने नैराच्या बाजारात एका बाईला हातवाऱ्यांनी कृती सांगितली : मीठ, तिखट, हिंग, तेल. हिंगाला शब्द सापडेना. शेवटी पर्समधली डबी उघडून हुंगायला दिली. बाई मागे सरकली, मग हसायला लागली, मग तिने शेजारणीला हाक मारली.

डबी तिथेच राहिली. म्हाताऱ्याने दिलेलं ते फळ मात्र हिने सोरोंगपर्यंत खोलीतल्या खिडकीत ठेवलं होतं. उतरताना मी म्हणालो, हे नेता येणार नाही. तिने जायपत्री काढून बघितली, चार दिवसांत पिवळी पडली होती, आणि बी उशीवर ठेवलं, जिथे ते रोज रात्री आम्हाला चॉकलेट ठेवायचे.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न : मुलाला मर्चंट नेव्हीत घालावं का? बारा पत्रं आली आहेत. तेरावं पाठवू नका.)